बांधायचा खर्च एकदा, चालवायचा रोज

मंडळी, ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि बऱ्याच जणांनी ती अनुभवलीही आहे. पण म्हण रचणाऱ्याने एक गोष्ट सांगायची ठेवली. घर बांधून झाले की त्यात संसार चालवायचा असतो. वास्तुशांतीला किती पाने उठली आणि किती पैसे गेले हे सगळ्या भावकीच्या लक्षात राहते. त्यानंतर तीस वर्षे दर महिन्याला वाण्याला, दूधवाल्याला, लाइटबिलाला आणि घरपट्टीला किती गेले, ते मात्र घरातली बाईच जाणे. संसार तरतो किंवा बुडतो तो या दुसऱ्या खर्चावर.

हे आठवण्याचे कारण जरा विचित्र आहे. आजचा विषय सांडपाण्याचा आहे. कुणी चहा घेता घेता हे पान वाचत असेल तर त्यांनी आधी कप रिकामा करावा! आपल्या न्हाणीघरातून, मोरीतून आणि संडासातून जे पाणी रोज बाहेर पडते ते स्वच्छ करायला किती पैसे लागतात आणि ते कुणी द्यायचे, एवढाच आजचा प्रश्न. आपल्या भागात हा प्रश्न कन्नडमध्ये जास्त सरळ विचारतात, ‘रोक्का यार कोडतार्री?’ आणि गंमत अशी की ‘गटार’ हा शब्द आपल्याकडच्या दोन्ही भाषांत तसाच चालतो. त्यामुळे निदान या विषयात तरी भाषेचा वाद नाही.

बडोद्याचे उदाहरण

उदाहरण बडोद्याचे घेऊ या. बडोदे आपल्याला परके नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. माझी एक मावसबहीणही दांडिया बाजाराजवळ राहते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि १९३९ पर्यंत त्याने त्या संस्थानाचा कारभार पाहिला, हा इतिहास आपल्या शाळांतून शिकवला जातो. सयाजीरावांची ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, कलाभवन यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. त्यांच्या नळांबद्दल आणि गटारांबद्दल कमी बोलतो.

बडोद्याजवळ अजवा येथे त्यांनी मोठा तलाव बांधवला. त्याला सयाजी सरोवर असेही म्हणतात. काम १८८५ साली सुरू झाले आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी अजव्याचे पाणी शहरात खेळू लागले. त्या वेळी शहराची वस्ती लाख-सव्वा लाखाची. तलाव मात्र पुढच्या पिढ्यांचा विचार करून बांधलेला. त्याच दशकात शहरात जमिनीखालच्या गटारांनाही सुरुवात झाली. याचे कारण कुठल्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. घरात नळ आला की मोरीतले पाणी वाढते. आडावरून चार घागरी आणणारे घर जेवढे पाणी सांडते, त्याच्या कितीतरी पट नळाचे घर सांडते. पाणी आणणाऱ्याने ते बाहेर काढायचीही सोय करायला हवी, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना समजले होते. आपल्याकडे अनेक गावांत नळयोजना आधी झाली आणि यूजीडीचे नाव पंचवीस-तीस वर्षांनी निघाले. मधल्या काळात ते पाणी कुठे गेले, हे आपल्या ओढ्यांना विचारावे.

अजव्याच्या योजनेत एक मोठी सोय होती. पाणी उतारावरून आपसूक शहराकडे यायचे. सांडपाण्याचे तसे नसते. बडोद्याची जमीन सपाट. पाणी जमिनीखालच्या नळांतून उताराने थोडे अंतर जाते, मग खोल विहिरीत साठते, तिथून पंपाने उचलून पुढच्या नळात टाकावे लागते. असे टप्पे करत करत ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचते. म्हणजे आत येणारे पाणी निसर्गाच्या कृपेने येत होते, बाहेर जाणारे पाणी विजेच्या बिलावर जाते. सगळ्या हिशेबाचे मूळ इथेच आहे.

२०११ च्या जनगणनेत बडोदे शहराची लोकसंख्या सुमारे १६.७ लाख होती. अटलादरा, तरसाली, गाजरावाडी, कपुराई, छाणी अशा ठिकाणी महापालिकेची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आहेत. गाजरावाडी हे नाव ऐकून कुणालाही ते कोल्हापूरकडचे वाटेल! शहराच्या मधून विश्वामित्री नदी वाहते. ती पावागडावर उगम पावते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. भर शहरात तिच्या पात्रात मगरी राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीची पातळी ३५ फुटांवर गेली आणि मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या, ती दृश्ये आपण टीव्हीवर पाहिली. त्याआधी २०२१ साली राष्ट्रीय हरित लवादाने या नदीच्या प्रदूषणाबाबत आणि तिच्या संवर्धनाबाबत आदेश दिले होते. नदीला कोर्टाची पायरी चढावी लागली, ती काही हौसेने नव्हे.

कर्ज काढून गटार

आता पैशाकडे येऊ. मार्च २०२२ मध्ये बडोदे महापालिकेने १०० कोटी रुपयांचे रोखे काढले. रोखे म्हणजे साध्या भाषेत लोकांकडून आणि बँकांकडून घेतलेले कर्ज. व्याजाचा दर ७.१५ टक्के. पैसे पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांच्या कामांसाठी होते. मागणी मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट आली. पुढे २०२४ साली महापालिकेने आणखी १०० कोटींचे ‘हरित’ रोखे काढले, तेही सांडपाण्याच्या कामासाठी. आपल्याकडच्या वाचकांना हे नवल वाटू नये. देशात महापालिकेने रोखे काढण्याची सुरुवात बंगळूरने १९९७ साली केली. राज्य सरकारच्या हमीशिवाय असे रोखे पहिल्यांदा अहमदाबादने १९९८ साली काढले.

कर्ज काढून गटार बांधणे चांगले की वाईट? माझे मत सांगतो. ज्याचा उपयोग तीस वर्षे होणार आहे त्यासाठी कर्ज काढण्यात काही गैर नाही. आपण घरासाठी काढतोच. उलट कर्ज देणारा हिशेब मागतो, जमाखर्च तपासतो आणि हप्ता चुकला तर गप्प बसत नाही. सरकारी अनुदान आले आणि गेले, त्याचे पुढे काय झाले हे कुणी विचारत नाही. पण कर्जाचे एक पथ्य आहे. ते बांधायच्या खर्चासाठी असते. लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस आपल्याला माहीत आहे. रोजच्या भाजीसाठी कर्ज काढणारा माणूस लवकरच गाव सोडून जातो.

१०० कोटींवर ७.१५ टक्क्यांनी वर्षाचे व्याज होते ७ कोटी १५ लाख. हा आकडा लक्षात ठेवा. थोड्या वेळाने आपण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवणार आहोत.

विरजण आणि वीज

त्याआधी केंद्रात नेमके काय चालते ते पाहू, म्हणजे खर्च कळेल. माझ्यासारख्या इंजिनियर नसलेल्या माणसालाही समजेल इतके ते सोपे आहे. आलेले पाणी आधी जाळीतून जाते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, कापडाच्या चिंध्या आणि ज्याचे नाव घेऊ नये ते सगळे तिथे अडकते. मग वाळू खाली बसवतात. मग पाणी मोठ्या हौदात संथ ठेवले की जड मैला तळाशी जातो. इथपर्यंत तांदूळ निवडून धुण्याइतकेच काम.

खरी करामत पुढच्या हौदात. पाण्यात विरघळलेली घाण जाळीने निघत नाही. ती खाणारे जिवाणू तिथे पोसलेले असतात. त्यांना जगायला हवा लागते, म्हणून मोठ्या ब्लोअरने पाण्यात रात्रंदिवस हवा फुंकतात. जिवाणू घाण खातात, वाढतात, पुढच्या हौदात गाळ होऊन बसतात आणि वर नितळ पाणी उरते. त्या गाळातला काही भाग पुन्हा पहिल्या हौदात सोडतात. का? तर आपण दह्याचे थोडे विरजण उद्यासाठी बाजूला ठेवतो ना, ज्याला कन्नड घरांत ‘हेप्पु’ म्हणतात, अगदी तसेच. आजच्या गाळातले जिवाणू उद्याचे पाणी ‘लावतात’.

आता सांगा, विरजण मेले तर दही लागेल का? ब्लोअर काही तास बंद राहिला की हे जिवाणू गुदमरू लागतात. बरेच दिवस बंद राहिला तर मरतात, आणि नवे विरजण तयार व्हायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस पाणी जसे आले तसेच पुढे जाते. म्हणून ‘वीजबिल थकले आहे, तूर्त केंद्र बंद ठेवा, पैसे आले की सुरू करू’ असे इथे चालत नाही. पिठाची गिरणी बंद ठेवता येते, गोठा बंद ठेवता येत नाही. सांडपाण्याचे केंद्र हा गोठा आहे.

या पद्धतीत १० लाख लिटर पाणी शुद्ध करायला ढोबळमानाने दीडशे ते दोनशे युनिट वीज लागते. आपण मधला आकडा १७५ धरू, आणि युनिटला ७ रुपये. म्हणजे १० लाख लिटरला १,२२५ रुपयांची वीज. आता सरकारी मापाप्रमाणे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. बडोद्याच्या १६.७ लाख लोकांचे झाले रोजचे सुमारे १८ कोटी लिटर. त्याची वीज रोज सव्वादोन लाखांच्या आसपास, वर्षाला आठ कोटी रुपये. आणि १०० कोटींच्या कर्जाचे व्याज किती होते? सव्वासात कोटींच्या आत. म्हणजे शुद्ध करण्याचे नुसते विजेचे बिल शंभर कोटींच्या कर्जाच्या व्याजापेक्षा मोठे! त्यात पाणी केंद्रापर्यंत उचलणाऱ्या पंपांची वीज धरलेलीच नाही. शिवाय रखवालदार, फिटर, प्रयोगशाळेतला माणूस, क्लोरीन, पंपांची दुरुस्ती, वाळलेला गाळ उचलून नेणारे ट्रक. विजेचा वाटा चालवण्याच्या खर्चात साधारण निम्मा असतो असे धरले तर बाकीचे आठ कोटी आणखी. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ म्हणतात तो हाच.

त्यातही एक गोम आहे. पाणी किती स्वच्छ करायचे याचे माप दिवसेंदिवस कडक होत आहे. पाण्यातली घाण मोजण्याचे बीओडी नावाचे एक माप आहे. पूर्वी बाहेर सोडायच्या पाण्यात ते लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालायचे. २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांसाठी ते २० वर आणले आणि २०१९ मध्ये हरित लवादाने १० चा आग्रह धरला. नदीसाठी हे चांगलेच आहे. पण भांडे एकदा विसळणे आणि तीनदा घासणे यांत जो फरक तोच इथेही. जुन्या मापावर बांधलेली केंद्रे नव्या मापात बसवायची म्हणजे पुन्हा बांधकाम आणि पुन्हा जास्त वीज.

आपल्या घराच्या वहीत

कोटींचे आकडे ऐकले की आपले डोके चालेनासे होते. म्हणून हा हिशेब पाच माणसांच्या एका घराच्या वहीत मांडू.

पाच माणसांच्या घरातून रोज ५४० लिटर सांडपाणी जाते. म्हणजे १० लाख लिटर ही सुमारे १,८५० घरांची मोरी झाली. बांधायचा खर्च किती? पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने जपानी कर्जातून ९९० कोटींची योजना मंजूर केली. त्यात ११ केंद्रे, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर शुद्ध करण्याची क्षमता आणि शंभरावर किलोमीटर नळ होते. भागाकार केला तर १० लाख लिटरमागे अडीच कोटी. पुढे ते काम रेंगाळले आणि खर्च वाढला, ती गोष्ट वेगळी. आपण मूळचाच आकडा घेऊ. १,८५० घरांत अडीच कोटी वाटले तर घरामागे साडेतेरा हजार रुपये. बडोद्याच्या दराने त्याचे व्याज महिन्याला ८० रुपये. मुद्दल तीस वर्षांत फेडायचे म्हटले तर आणखी ३७-३८ रुपये. केंद्राची वीज घरामागे महिन्याला २० रुपये. माणसे, क्लोरीन, दुरुस्ती धरून ४०. उचलणाऱ्या पंपांचे धरून ५०-६०. सगळे मिळून दीडशे ते पावणेदोनशे.

म्हणजे एका मोबाइलच्या रिचार्जपेक्षा कमी! मला स्वतःला हा आकडा काढताना नवल वाटले आणि मी तो दोनदा तपासला. आकडा ढोबळ आहे, गावागणिक बदलेल. पण कोटी-कोटी म्हणून ज्याचा बाऊ करतात ते ओझे एका घराच्या खांद्यावर एवढेच आहे.

मग अडते कुठे? आमच्या घरात आईची भाषा मराठी आणि अज्जीची कन्नड. आई म्हणायची ‘थेंबे थेंबे तळे साचे’. अज्जी म्हणायची, ‘हनि हनि कूडिदरे हळ्ळ, तेने तेने कूडिदरे बळ्ळ’. थेंब थेंब मिळून ओढा होतो, कणीस कणीस मिळून माप भरते. मराठी म्हणीत पाणी तळ्यात साचून आपल्याजवळ राहते. कन्नड म्हणीतला हळ्ळ वाहता आहे, तो पुढच्या गावाला जातो. सांडपाण्याला अज्जीची म्हण जास्त लागू पडते. आपल्या मोरीतला थेंब आपल्याला त्रास देत नाही. तो पुढच्या गावाला देतो. म्हणून पैसे द्यायची घाई आपल्याला नसते.

न चालवलेल्या केंद्राचे बिल

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशाचा हिशेब मांडला. शहरांतून रोज ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निघते. बांधलेल्या केंद्रांची क्षमता ३,१८४ कोटी लिटर. प्रत्यक्षात शुद्ध होते २,०२३ कोटी लिटर. शंभर बादल्यांतल्या अठ्ठावीस. इतके तरी आपण कुठेतरी वाचलेले असते. पण दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून पाहा. जेवढी क्षमता बांधून तयार आहे तिचाही तिसरा हिस्सा वापरात नाही. कुठे नळ पोचले नाहीत, कुठे पंप जळले, कुठे बिल थकले. राज्यांचे पाहिले तर गुजरात निघालेल्या पाण्यापैकी निम्म्याहून थोडे जास्त शुद्ध करत होता, महाराष्ट्र निम्म्याहून थोडे कमी, आणि आपले कर्नाटक शंभरांतले चाळीस. कुणी कुणाला हसावे असे काही नाही.

सांगलीचा शेरीनाला आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तो कृष्णेत मिसळू नये म्हणून ते पाणी उचलून धुळगावला न्यायचे, तिथे तळ्यांत मुरवून शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. कल्पना सुंदर होती. कोट्यवधी रुपये खर्चून पंप बसले, नळ गेले. पण पंप चालवायचा, बिल भरायचे, नळ फुटला तर जोडायचा, हे रोजचे काम कुणाचे यावर योजना वर्षानुवर्षे अडखळत राहिली आणि नाला कृष्णेकडे वाहत राहिला. बांधायला पैसे मिळाले, चालवायला मिळाले नाहीत. आणि २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली, तेव्हा दवाखान्यांत जे पैसे आणि जे जीव गेले ते कुठल्या पालिकेच्या अंदाजपत्रकात होते? दूषित पाण्याचे बिल येतच असते. फक्त ते महापालिकेच्या नावावर न येता एखाद्या घरावर येते.

बेळगावचा बळ्ळारी नाला घ्या. शहराचे पाणी तो शिवारांतून नेतो आणि पावसाळ्यात भाताच्या वाफ्यांत सोडतो. त्या शेतकऱ्याने शहरातला एकही नळ उघडलेला नसतो. दुसरीकडे हलग्याच्या शिवारात सांडपाणी प्रकल्पासाठी पिकती जमीन घ्यायची ठरली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर आणि कोर्टात वर्षानुवर्षे लढा दिला. प्रकल्प नाही म्हणून एका शेतकऱ्याचे नुकसान, प्रकल्प आला म्हणून दुसऱ्याचे. दोन्ही वेळा शहराच्या मोरीचा खर्च रानाने उचलायचा! जमिनीची खरी किंमत, आणि जमिनीबरोबर गेलेल्या पिढ्यांच्या कमाईची किंमत, बांधकामाच्या खर्चात धरली पाहिजे. ती धरली तर केंद्र महाग पडेल. पडू दे. निदान पैसे ज्याचे त्याने दिले असे होईल.

बडोद्यालाही याचा धडा मिळालेला आहे. तिथल्या मोठ्या कारखान्यांचे पाणी समुद्राकडे नेण्यासाठी १९८३ साली सुमारे ५५ किलोमीटरचा एक कालवा सुरू झाला. तो महीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताला जातो. शहर आणि कारखाने सुटले, पण कालव्याच्या काठच्या गावांतून विहिरींच्या पाण्याबद्दल तक्रारी येत राहिल्या. घाण लांब नेली म्हणजे तिचा खर्च संपला असे होत नाही. तो लांबच्या माणसाच्या नावे लिहिला जातो.

आणखी एक खर्च आहे, त्याला तर आपण किंमतच लावत नाही. तुंबलेल्या गटारात उतरणारा माणूस. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणे गुन्हा ठरवले. तरी माणसे मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. यंत्राला पैसे नाहीत म्हणणाऱ्या प्रत्येक पालिकेने हा आकडा अंदाजपत्रकात लिहून बघावा. यंत्र स्वस्त वाटेल.

कचऱ्यातून सोने, पण जपून

काही ठिकाणी हे पाणी विकून खर्च भरून काढतात. नागपूरच्या भांडेवाडीचे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. सुरतेत पांडेसऱ्याच्या कारखान्यांना महापालिका असे पाणी विकते, आणि त्याच सुरतेने २००३ साली अंजना येथील केंद्रातल्या गाळाच्या गॅसवर वीज तयार केली. म्हणजे गोठ्यातल्या शेणावर गोबरगॅस. कर्नाटकात २०१८ पासून बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोलारच्या कोरड्या तलावांत सोडतात. पण तिथेही सुरुवातीलाच एका तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अर्थ एवढाच की पाणी विकायचे असेल तर ते नीट शुद्ध हवे, आणि त्यासाठी केंद्र रोज चालले पाहिजे. पुन्हा गाडी तिथेच येते. बंद पडलेल्या केंद्राचे पाणी कुणी विकत घेत नाही.

मग आपण काय करायचे? आपल्या गावात किंवा शहरात असे केंद्र होणार असेल तेव्हा नगरसेवक मते मागायला, नाहीतर कोनशिलेच्या नारळाचे आमंत्रण द्यायला येतीलच. त्यांना चहा द्या आणि चार प्रश्न विचारा. किती कोटींचे केंद्र आहे हे विचारू नका, ते ते स्वतःच सांगतील. विचारा की वर्षाचे वीजबिल किती येईल आणि ते कोणत्या रकमेतून भरणार. ठेकेदाराची मुदत संपल्यावर कोण चालवणार. घराघरांतून केंद्रापर्यंत नळ जोडले आहेत का, की केंद्र एकीकडे आणि नाला दुसरीकडे. आणि ज्याची जमीन घेतली त्याला काय दिले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत नारळ फुटू देऊ नका.

आणि घरपट्टीच्या कागदावर ड्रेनेजचे शे-दीडशे रुपये वाढून आले तर लगेच मोर्चा काढू नका. आधी केंद्र चालते का ते जाऊन पाहा. चालत असेल तर मुकाट्याने भरा. चालत नसेल तर मोर्चा जरूर काढा, आणि मला निरोप पाठवा. मीही येईन. खाली बळ्ळारीच्या काठावर ज्याचा भात कुजतो तो शेतकरी ते बिल आजवर आपल्या वाट्याचेही भरत आला आहे. त्याला कुणी पावतीसुद्धा दिलेली नाही.